उजेडाचं माप

कॅमेरा सगळ्या माणसांना सारखं बघत नाही, हे फोटोच्या धंद्यात पडल्याशिवाय कळत नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरला स्टेशन रोडवर आमचा स्टुडिओ आहे. वडिलांनी थाटला, पुढं मी सांभाळला. लग्नं, बारशी, वास्तुशांती, शाळेचे ग्रुप फोटो, नोकरीच्या अर्जाचे पासपोर्ट साइझ, तालुक्यातलं जे जे कॅमेऱ्यासमोर आलं ते सगळं टिपलं. गिऱ्हाईक मराठी, कानडी, कोकणी, उर्दू बोलणारं. त्यांतच नंदगडावरून हल्याळकडं जाणाऱ्या रस्त्याला, रानपट्टीत राहणारे सिद्दी.

सिनेमात आणि मालिकांत कुठल्या वंशाचे, कुठल्या रंगाचे चेहरे दिसतात आणि कुठले दिसतच नाहीत, यावर अलीकडं जगभर पुष्कळ बोललं गेलं. त्यातलं बरंचसं अमेरिकेबद्दल. मला मात्र हा विषय आपल्या बेळगाव-खानापूरचा वाटतो, आणि तो मला समजला तो सिद्दींचे फोटो काढता काढता. म्हणून आधी त्यांच्याबद्दल.

सिद्दी म्हणजे आफ्रिकेतून आलेल्या माणसांचे वंशज. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून पोर्तुगीजांनी आणि अरब व्यापाऱ्यांनी गुलाम करून आणलेली माणसं गोव्यात विकली जायची. त्यांतले जे निसटले, जे सुटले, ते घाट चढून काळी नदीच्या खोऱ्यातल्या जंगलात शिरले. यल्लापूर, हल्याळ, अंकोला, मुंडगोड हे त्यांचे मुख्य तालुके, सगळे उत्तर कन्नड जिल्ह्यातले. त्याला लागून आमच्या खानापुरात आणि पलीकडं धारवाड जिल्ह्यात काही वस्त्या. कुणी हिंदू, कुणी ख्रिस्ती, कुणी मुसलमान. घरात कोकणी, बाजारात मराठी, कचेरीत कानडी. उत्तर कन्नडच्या सिद्दींना २००३ साली अनुसूचित जमातीत घेतलं. बेळगाव आणि धारवाडच्या सिद्दींना त्यासाठी २०२० उजाडावं लागलं. मधली सतरा वर्षं एकाच आजीची नातवंडं जिल्ह्याची हद्द ओलांडली की कागदावर वेगळी ठरत होती. हद्दीचं हे दुखणं सीमाभागातल्या मराठी माणसाला समजावून सांगायला नको.

रोलच्या काळातली गोष्ट. हल्याळजवळच्या एका चर्चमध्ये सिद्दी लग्नाची ऑर्डर होती. नवरी पांढऱ्या झग्यात, नवरा काळ्या कोटात, बाहेर मे महिन्याचं ऊन आणि आत एकुलती एक ट्यूब. कॅमेऱ्यातला मीटर समोर दिसेल त्या सगळ्याची सरासरी काढतो आणि ती मधल्या राखाडी छटेवर आणून बसवतो. समोर पांढरा झगा आला की त्याला वाटतं उजेड फार झाला, मग तो उजेड कापतो. झगा छान येतो, नवरीचा चेहरा अंधारात जातो. चेहऱ्यासाठी उजेड वाढवावा तर झग्याची लेस, त्यावरचे मणी, सगळं उडून जातं. थेट फ्लॅश मारला तर कपाळावर आणि गालाच्या हाडांवर पांढरे चट्टे उठतात आणि बाकीचा चेहरा सपाट होतो.

वडील अशा वेळी फ्लॅश माणसाकडं न रोखता बाजूच्या चुना लावलेल्या भिंतीकडं वळवायचे आणि माणसाला जरा तिरपं उभं करायचे. भिंतीवरून परतणारा उजेड मऊ असतो, तो गालावरून सावकाश उतरतो. काळ्या कातडीवर उजेडाच्या जेवढ्या छटा खेळतात तेवढ्या गोऱ्या कातडीवर खेळत नाहीत, फक्त तो उजेड बाजूनं यावा लागतो. त्या लग्नात मी तेच केलं. चर्चच्या दाराची एक फळी उघडी ठेवली, नवरीला तिकडं तोंड करून उभं केलं, सावलीच्या बाजूला तिच्या करवलीच्या हातात पांढरी चादर ताणून धरायला दिली. मीटर काय सांगतो ते बाजूला ठेवून चेहऱ्यावरचा उजेड मोजला. निगेटिव्ह उत्तम आल्या.

प्रिंट मात्र बिघडून आले. तेव्हा रोल बसनं बेळगावला कलर लॅबकडं जायचे. मशीनवर बसणारा मुलगा एकेका निगेटिव्हला डेन्सिटीचं, म्हणजे प्रिंट गडद-फिकट करायचं, बटण वर-खाली करून प्रिंट काढायचा. नीट आलेला चेहरा म्हणजे गव्हाळ चेहरा, हे त्याच्या डोळ्यात पक्कं बसलेलं. सिद्दी नवरी त्या मापात बसेना, म्हणून त्यानं तिला उजळ केलं. प्रिंटावर तिचा चेहरा राखेच्या रंगाचा, ओठांवर निळसर झाक, झगा पांढरा फटक. सगळे प्रिंट परत पाठवले आणि पाकिटावर लिहिलं, "चेहऱ्याचा रंग आहे तसाच ठेवणे." दुसऱ्या खेपेला बरोबर आले. नवरीची आई अल्बमचं एकेक पान सावकाश उलटत होती. मध्येच थांबून म्हणाली, "अण्णा, ही आमचीच पोरगी दिसते की."

लॅबमधल्या त्या मुलाला दोष द्यावा असं मला तेव्हाही वाटलं नाही. त्याच्या हातात आलेलं माप फार लांबून आलं होतं. कोडॅक कंपनी पन्नासच्या दशकापासून लॅबना एक नमुन्याचा फोटो पुरवायची. त्यात एक गोरी तरुणी असायची. पहिल्या मॉडेलचं नाव शर्ली, म्हणून पुढच्या सगळ्याच कार्डांना शर्ली कार्ड म्हणायला लागले. तिची कातडी बरोबर आली की मशीन बरोबर लागलं असं समजायचं. फिल्मची रसायनंसुद्धा त्याच बेतानं जुळवलेली. गडद तपकिरी रंगांतला बारीक फरक त्या फिल्मला पकडता यायचा नाही. शाळेच्या फोटोत गोरी आणि काळी मुलं शेजारी बसली की काळ्या मुलांच्या चेहऱ्यावरचं काही दिसायचं नाही, ही अमेरिकेतल्या आयांची तक्रार होती. सुधारणा सत्तरच्या दशकात सुरू झाली. ती होण्यामागं लाकडी फर्निचर आणि चॉकलेट विकणाऱ्या कंपन्यांच्या तक्रारी होत्या, कारण जाहिरातीत लाकडाच्या शिरा दिसेनात आणि दोन चॉकलेटांतला फरक कळेना. माणसांच्या आयांनी सांगून जे झालं नाही ते टेबल-खुर्च्यांनी झालं. हे मी वाचलं तेव्हा मला संताप आला आणि तो अजून उतरलेला नाही.

सिनेमाही अशाच फिल्मवर निघायचा. म्हणजे नट निवडायच्या आधी, गोष्ट लिहायच्याही आधी, पडद्यावर कोण नीट दिसणार हे अर्धंअधिक ठरून गेलेलं होतं. उरलेलं अर्धं माणसांनी ठरवलं.

हॉलिवूडनं ते कसं ठरवलं याची जंत्री लांबलचक आहे. १९२७ च्या 'द जॅझ सिंगर'मध्ये, ज्याच्यापासून बोलपटांचं युग मोजतात, गोरा नायक तोंडाला काळं फासून गातो. १९४० साली हॅटी मॅकडॅनियल ही ऑस्कर मिळवणारी पहिली काळी कलाकार ठरली, 'गॉन विथ द विंड'मधल्या मोलकरणीच्या कामासाठी. त्या समारंभात तिला बाकीच्या कलाकारांबरोबर बसू दिलं नाही, भिंतीकडचं वेगळं टेबल दिलं. त्याआधी अटलांटाला चित्रपटाचा पहिला खेळ झाला त्याला तर ती जाऊच शकली नाही.

पण मला त्या सगळ्यात जास्त लागते ती ॲना मे वाँगची हकिगत. लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेली चिनी वंशाची नटी, मूकपटांपासून नाव कमावलेली. 'द गुड अर्थ' हा चीनमधल्या शेतकरी कुटुंबावरचा मोठा चित्रपट निघाला तेव्हा नायिकेच्या कामावर तिचा हक्क होता असं आज कुणीही म्हणेल. नायकाचं काम पॉल म्युनी या गोऱ्या नटाला दिलं होतं, रंगरंगोटी करून. पडद्यावर वेगळ्या वंशांच्या स्त्री-पुरुषांचा संसार दाखवायला तिथल्या सेन्सॉरच्या नियमावलीत मनाई होती. मग नायिकाही गोरीच हवी. लुइझ रायनरला ते काम मिळालं, १९३७ चा तो चित्रपट, आणि त्यासाठी तिला ऑस्करही मिळालं. वाँगला देऊ केलं ते घर फोडणाऱ्या दुसऱ्या बाईचं काम. तिनं ते नाकारलं. चिनी गोष्टीतलं चांगलं माणूस व्हायला चिनी चेहरा चालत नव्हता, वाईट माणूस व्हायला चालत होता.

आणि एक आपल्या कर्नाटकाचा. म्हैसूर संस्थानातल्या माहुताचा पोरगा साबू. इंग्रजी चित्रपटवाल्यांना तो हत्तीखान्यात सापडला आणि १९३७ च्या 'एलिफंट बॉय'मध्ये त्यानं मुख्य काम केलं. पुढं 'द थीफ ऑफ बगदाद', मग 'जंगल बुक'मधला मोगली. अमेरिकेचा नागरिक झाला, दुसऱ्या महायुद्धात त्यांच्या विमानात मशीनगनवर बसून लढला. परत आला तर त्याच्यासाठी कामं तीच: फेटा, लंगोट, हत्ती, वाघ. पोर मोठं झालं, संसाराला लागलं, पण पडद्यावर त्याला मोठं होऊ दिलं नाही. १९६३ मध्ये अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी गेला. कर्नाटकात त्याचं नाव घेणारं माणूस मला क्वचित भेटतं.

आता आपल्याकडं या. 'रझिया सुलतान' १९८३ चा. कमाल अमरोहींचा भव्य चित्रपट. रझियाच्या जवळचा हबशी सरदार याकूत, म्हणजे थेट आफ्रिकेतून आलेला माणूस. ते काम धर्मेंद्रनं केलं, अंगाला काळा रंग लावून. देशात गुजरातपासून उत्तर कन्नडपर्यंत हबशी वंशाची हजारो माणसं राहत असताना. नायक म्हणून मोठा नट घ्यावा लागतो, तिकीट त्याच्या नावावर खपतं, हे मला धंदेवाला म्हणून समजतं. पण त्यानंतरच्या चाळीस वर्षांत तेच चालू राहिलं. २०१४ मध्ये मणिपूरच्या मेरी कोमवर चित्रपट निघाला आणि ती झाली प्रियांका चोप्रा. २०१९ च्या 'बाला'त सावळ्या मुलीच्या दुःखाची गोष्ट सांगायला गोऱ्या नटीला सावळं केलं. त्याच वर्षी मराठीत 'रंग माझा वेगळा' ही मालिका सुरू झाली. आमच्या खानापुरात घराघरांत लागायची, माझ्या बहिणीनं एक भाग चुकवला नाही. काळ्या रंगावरून सुनेचा होणारा छळ हा मालिकेचा विषय, आणि नायिका मेकअपनं सावळी केलेली. अभिनय सगळ्यांनी जीव ओतून केला, विषयही मोलाचा. तरीसुद्धा मला राहून राहून त्या मुली आठवायच्या ज्यांना रंग लावायची गरज नव्हती आणि ज्या ऑडिशनला गेल्या असत्या तर दारातूनच परत आल्या असत्या. लग्नाच्या अल्बममध्ये "जरा उजळ करा हो" असं सांगणारे बाप मी आयुष्यभर बघितले आहेत. मालिका रोज तेच सांगत असेल तर त्या बापाला कुणी समजवायचं?

बेळगावची शिवजयंती वैशाखातली, आणि तिची चित्ररथ मिरवणूक रात्रभर चालते. पन्हाळ्याचा वेढा हा सजीव देखाव्यांचा आवडता प्रसंग. त्यात सिद्दी जौहर होणारा मुलगा गल्लीतलाच असतो आणि त्याच्या तोंडाला काळा रंग फासलेला असतो, डोळे लालभडक केलेले असतात. मी या मिरवणुकीचं शूटिंग केलं आहे, पोरांची मेहनत जवळून पाहिली आहे, महाराजांवरची त्यांची श्रद्धा खरी आहे. म्हणूनच सांगावंसं वाटतं की इतिहास त्या रंगापेक्षा फार मोठा आहे. १६६० च्या त्याच वेढ्यात शिवाजी महाराजांच्या बाजूनं वेढा फोडायला धावलेल्यांत नेताजी पालकरांबरोबर सिद्दी हिलाल होता. लढताना त्याचा मुलगा वाहवाह जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला. स्वराज्यासाठी मुलगा गमावलेला हा सिद्दी बाप चित्ररथावर मी कधी पाहिला नाही. त्याच्याही मागं गेलं तर मलिक अंबर. गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी मुलगा निजामशाहीचा वजीर झाला, त्यानं वसवलेली खडकी पुढं औरंगाबाद झाली, आणि १६२४ ला भातवडीच्या लढाईत शहाजीराजे आणि शरीफजीराजे त्याच्या बाजूनं लढले. शरीफजी तिथंच पडले. मराठ्यांच्या इतिहासात सिद्दी दोन्ही बाजूंना आहेत, जसे मराठेही दोन्ही बाजूंना आहेत. पडद्यावर आणि मिरवणुकीत मात्र सिद्दी एकाच बाजूला उभा असतो.

आमच्या नंदगडलाच १८३१ साली इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला फाशी दिलं. तिथं त्याचं स्मारक आहे, लोक नवस बोलतात. रायण्णाच्या साथीदारांत गजवीर नावाचा सिद्दी वीर होता, असं कानडी लावण्यांत आणि लोककथांत सांगतात. म्हणजे इंग्रजांशी लढलेल्यांतही सिद्दी आहे, आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर.

काही वर्षांपूर्वी दांडेलीच्या जंगलात एका बाहेरच्या युनिटचं शूटिंग चालू होतं. स्टिल फोटोसाठी मला बोलावलं होतं. तस्कराच्या टोळीतली माणसं म्हणून जवळच्या वस्तीतली सिद्दी पोरं आणली होती. अंगाला तेल चोळलं, गळ्यात हाडांच्या माळा घातल्या, हातात कोयते दिले. त्यांतला एक जण हल्याळला पदवीपर्यंत शिकलेला, नाटकात कामं केलेला. त्यानं सहायक दिग्दर्शकाला अगदी अदबीनं विचारलं, "सर, मला एखादं वाक्य मिळेल का? मराठी येतं, कानडी येतं, हिंदीपण येतं." उत्तर आलं, "तुम्ही फक्त ओरडा. भाषा नको." संध्याकाळी रोजाचे पैसे वाटले गेले. मी त्या पोराचा एक फोटो वेगळा काढला, माळ उतरवून, त्याच्या स्वतःच्या शर्टात, झाडाच्या बुंध्याला टेकलेला. तो त्यानं पुढं ऑडिशनसाठी वापरला.

या पोरांना अभिनय येत नाही असं म्हणणाऱ्यांनी यल्लापूर तालुक्यातल्या मंचीकेरीला जाऊन चौकशी करावी. हेग्गोडूच्या नीनासम या नाट्यसंस्थेचे चिदंबरराव जंबे यांनी ऐंशीच्या दशकात तिथल्या सिद्दींना घेऊन चिनुआ अचेबेंच्या 'थिंग्ज फॉल अपार्ट' या नायजेरियन कादंबरीवर कानडी नाटक बसवलं. जंगलात राबणारी माणसं रंगमंचावर उभी राहिली आणि आपल्या पूर्वजांच्या खंडातली गोष्ट कानडीत बोलली. त्यातून नाटकाची जी वाट पडली तिच्यावरून पुढची पोरं नीनासमपर्यंत गेली. प्रशांत सिद्दी तिथं शिकला आणि 'परमात्मा'पासून कानडी चित्रपटांत ओळखीचा चेहरा झाला. गिरिजा सिद्दी नाटकातून आणि गाण्यातून पुढं आली. २०२१ च्या 'सलगा' चित्रपटात सिद्दी गायिकांच्या आवाजातलं गाणं इतकं गाजलं की खानापूरच्या वरातीत डीजेवर वाजायचं. आणि २०२४ साली जयन चेरियन यांचा 'रिदम ऑफ दम्माम' आला. दम्माम म्हणजे सिद्दींचा ढोल. गोष्ट एका सिद्दी मुलाची, पूर्वजांच्या गुलामीचं भूत मानगुटीवर बसलेल्या. त्यात कामं करणारे सिद्दीच.

त्यातही मला एक खटकतं. प्रशांतला बहुतेक वेळा नायकाचा मित्र व्हावं लागतं, लोकांना हसवावं लागतं. सिद्दींचं नाव निघालं की ढोल, नाच, पानांचे झगे एवढंच आठवतं, आणि दांडेलीच्या रिसॉर्टमध्ये पर्यटकांसमोर त्यांना तेच करावं लागतं. दम्माम त्यांचा आहे, त्याचा त्यांना अभिमान आहे, तो वाजलाच पाहिजे. पण त्यांच्या बायका जुन्या कपड्यांच्या चिंध्या जोडून जी कवंद, म्हणजे गोधडी, शिवतात, जिच्या चारही कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाची फुलं लावल्याशिवाय ती पुरी झाली असं मानत नाहीत, ती कवंद कुठल्या चित्रपटात दिसली? शांताराम बुडना सिद्दी २०२० मध्ये कर्नाटकाच्या विधान परिषदेवर गेले. पडद्यावरचा आमदार सिद्दी असलेला मी तरी पाहिलेला नाही.

आता आपल्या मराठी माणसांशी थोडं मोकळं बोलतो. १९५६ पासून बेळगावचा मराठी माणूस एकच सांगतो आहे, आम्हाला मोजा, आम्हाला बघा. मुंबई-पुण्याच्या मालिकांत आमची बोली ऐकू येत नाही. सातारी आली, कोल्हापुरी आली, मालवणी आली, वऱ्हाडी आली. आमचं कानडी वळणाचं मराठी आलंच तर हसण्यापुरतं. सीमाभागातलं माणूस दाखवायचं तर मोर्चात, हातात झेंडा देऊन. त्याला दुकान असतं, त्याच्या पोरीला बेंगळूरला नोकरी असते, त्याची बायको कानडी मैत्रिणीबरोबर भिशी लावते, हे कुणी दाखवत नाही. ही तक्रार मी स्वतः कितीतरी जणांसमोर मांडली आहे आणि पुढंही मांडणार. पण ज्याला न दिसण्याचं दुःख ठाऊक आहे त्यानं शेजारच्याला बघितलं पाहिजे. सिद्दी आमच्याशी मराठीत बोलतो. नंदगडच्या बाजारात आमच्याच दुकानातून मीठ-मिरची नेतो. तरी बेळगावात पोरं शॉर्ट फिल्म काढतात, एकांकिका बसवतात, तेव्हा त्यात सिद्दी मुलगा-मुलगी नसते. मुंबईनं आमच्याशी जे केलं तेच आम्ही सिद्दींशी करत राहिलो तर आमच्या तक्रारीला वजन कुठून येणार?

अमेरिकेत २०१५ आणि २०१६ अशी लागोपाठ दोन वर्षं ऑस्करच्या अभिनयाच्या वीसही नामांकनांत एकजात गोरे कलाकार होते. त्यावर मोठं वादळ उठलं. मग अकादमीनं २०२० मध्ये नियम जाहीर केले आणि २०२४ च्या सोहळ्यापासून सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या स्पर्धेला ते लागू झाले. चारांपैकी दोन अटी पुऱ्या करायच्या. एक अट पडद्यावरच्या माणसांची, दुसरी दिग्दर्शन, छायालेखन, संकलन, मेकअप अशा पडद्यामागच्या कामांची, तिसरी नवख्यांना पगारी शिकाऊ कामं देण्याची, चौथी जाहिरात-वितरण करणाऱ्यांची. या अटी फार सैल आहेत, सहज पुऱ्या होतात, असा आक्षेप आहे आणि तो खोटा नाही. पण दुसरी आणि तिसरी अट मला मनापासून पटते. त्या लॅबमध्ये मशीनवर एखादी सिद्दी मुलगी बसली असती तर मला पाकिटावर काहीच लिहावं लागलं नसतं. तिला चेहऱ्याचा रंग घरातच माहीत होता.

म्हणून माझ्या स्टुडिओत आता शिकायला येणाऱ्या मुलांमध्ये रानपट्टीतलीही मुलं असावीत असा माझा आग्रह असतो. सध्या एक सिद्दी मुलगी येते, बारावी झालेली. कॅमेरा हातात घेतला की सगळ्यांत आधी भिंत शोधते. मोबाइलच्या कॅमेऱ्यात आपोआप गोरं करणारं सेटिंग असतं ते ती प्रत्येक गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये विचारून बंद करून देते. परवा एका मराठा घरातल्या हळदीचं शूटिंग तिनं एकटीनं केलं. नवरीची आजी आधी जरा बिचकली, मग दुपारी स्वतःहून तिच्यापुढं येऊन बसली आणि म्हणाली, "माझा एकटीचा काढ गं बाई, पण सुरकुत्या पुसू नको." तिला संकलन शिकायचं आहे, त्यासाठी पुण्याला जायचं म्हणते. घरचे नको म्हणतात. मी त्यांच्याशी बोलायला जाणार आहे.

आणि मालिका लिहिणाऱ्यांना माझं एक मागणं आहे. खानापूर-हल्याळ एस्टीचा कंडक्टर सिद्दी असू दे. त्याच्यावर सोसायटीचं कर्ज असू दे, त्याच्या बहिणीचं लग्न ठरत नसू दे, स्टँडवरच्या चहावाल्याशी त्याचं सुट्ट्या पैशांवरून रोज भांडण होऊ दे, आणि ते भांडण आमच्या मराठीत होऊ दे. तालुक्याच्या दवाखान्यातली नर्स सिद्दी असू दे, ती रात्रपाळीला कंटाळलेली असू दे, डॉक्टरला तोंडावर चार शब्द सुनावणारी असू दे. तिचं प्रेम जमू दे, मोडू दे. शंभर भाग होऊ देत, दोनशे होऊ देत, आणि तेवढ्यात कुणी तिला तू मूळची कुठली असं विचारू नये, तिच्या केसांना हात लावून बघू नये.